चिंचोक्यांवरचा पोकर, आणि पानं टाकायची अक्कल

कृष्णाकाठ

गेली ४ वर्षं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका गच्चीवर आम्ही सहा जण दर शनिवारी पोकर खेळतो. पैसे लावत नाही. घरच्या चिंचेचे चिंचोके धुऊन, वाळवून डब्यात ठेवलेत, प्रत्येकाला २०० चा वाटा. साधा चिंचोका एकाचा, नेलपॉलिश लावलेला दहाचा. (नेलपॉलिश एका मित्राच्या धाकट्या मुलीचं. तिचा मोबदला भडंगात.)

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन झाकली पानं. मध्ये पाच पानं उघडी पडतात, आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). सातांतून पाचांचा चांगला हात ज्याचा, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे चिंचोके. दर टप्प्याला बोली. काही न लावता पुढं गेलं तर चेक, समोरच्यानं लावले तेवढे घातले तर कॉल. पटलं नाही तर पानं टाकायची, म्हणजे फोल्ड.

आणि नेमकं तेच आम्हाला येत नव्हतं. पहिलं वर्षभर कुणी पानं टाकतच नव्हतं. हातात किलवरची दुर्री आणि चौकटची सत्ती असली तरी "बघू की फ्लॉप". सहाच्या सहा जण रिव्हरपर्यंत. तो पोकर नव्हता, हळदी-कुंकवाचं वाण होतं, आलेल्या प्रत्येकाला काहीतरी.

एक कारण उघड आहे, चिंचोक्याला किंमत नाही. दुसरं कारण माझं मी शोधलंय, पटतंय का सांगा. आपण ज्या खेळांवर वाढलो त्यात सोडणं नाहीच. झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, रमी, सगळीकडे वाट्याला आलेली पानं शेवटपर्यंत खेळायची. चॅलेंज खेळून थाप मारायला शिकलो, पण उठायला नाही. तीन पानीत पॅक आहे, तर तिथं पॅक करणारा शेळपट.

मग आम्ही नियम काढला. ज्याचे चिंचोके सगळ्यात आधी संपतील, त्यानं रविवारी सकाळी सहाही घरी दुधाच्या पिशव्या पोचवायच्या. जानेवारीच्या थंडीत दोन रविवार मी पोचवल्या. तिसऱ्या शनिवारी अख्खी गच्ची पानं टाकायला लागली. लोक एक्का हातात असताना विचार करायला लागले!

आता मूळ मुद्दा. मी वही ठेवतो. दर शनिवारी दोन-तीन डाव लिहून काढतो, निकालाचा रकाना वेगळा आणि निर्णयाचा वेगळा. त्यातला एक डाव देतो.

माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची पंजी. समोर फक्त आमचा किराणावाला मित्र, बाकी सगळे गळाले. पॉटमध्ये ४०. फ्लॉप: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर नव्वी. म्हणजे अजून एक बदाम आलं की माझा फ्लश (पाचही पानं एका रंगाची), तोही एक्क्याचा. त्यानं ४० लावले. मी मनात म्हटलं, नऊ बदामं शिल्लक आहेत, रिव्हरपर्यंत एखादं यायची शक्यता ३५ टक्के, ४० घालून ८० मिळणार म्हणजे ३३ टक्के पुरे. कॉल. टर्नला इस्पिक दुर्री. त्यानं ८० लावले. आता पॉटमध्ये २००, मला ८० घालायचे, लागणार साधारण २९ टक्के. आणि एकच पान उरलंय, नऊ भागिले ४६, जेमतेम २० टक्के. टाकायला हवी होती. टाकली नाही. रिव्हरला बदाम छक्की. त्यानं चेक केलं, मी त्याचे उरलेले ६० पण काढून घेतले, सगळ्यांनी पाठ थोपटली.

वहीत निकालात "जिंकलो" आणि निर्णयात "चूक" लिहिलं. घरी जाताना त्या ३५ टक्क्यांचाही घोळ लक्षात आला. ३५ हा आकडा दोन पानांचा. टर्नला परत पैसे मोजायला लागणार असतील तर मी ४० घालून एकच पान विकत घेतलं होतं.

विचारायचंय असं की जिंकलेला डाव चूक होता हे डोक्याला कळतं, मनाला कसं पटवायचं? आणि इथं कुणी खऱ्या कार्डरूममध्ये बसलंय का?

इस्लामपूरचा_गडी

लगा, २०० चिंचोक्यांसाठी एवढा हिशोब तर माझा भाऊ सोसायटीच्या कर्जाचा करत नाही. पहिला!

वाचनमात्र

वाचनखूण साठवली.

अण्णा_पेन्शनर

धागाकर्त्याला एक दुरुस्ती. रमीत सोडणं नाही हे साफ चूक आहे. तेरा पानांच्या रमीत पहिल्या हाताला पान न उचलता ड्रॉप केलं तर २० गुण, मधून सोडलं तर ४०, आणि अडकून हरलात तर ८० पर्यंत. हे आकडे काय उगाच ठेवलेत? पहिल्या ड्रॉपची किंमत पूर्ण हाराच्या चौथाईला आहे. नैसर्गिक सिक्वेन्सचं नाव नाही, जोकर नाही, वर चार चित्रं, तर ठेवायची पानं खाली. तुम्ही घरची रमी खेळलात, जिथं मामी म्हणते "खेळ रे, गंमत आहे".

मी नोकरीत असताना इथल्या एका करमणूक क्लबात बरीच वर्षं जात होतो. नाव घेत नाही. वर पंखा, खाली जाजम, कोपऱ्यात मटका-मटका म्हणून चिडवून घेणारा चहावाला. शहाण्या माणसाची खूण एकच, त्याच्यापुढं चहा गार होत नसे. कारण तो ड्रॉप करून निवांत चहा पीत बसलेला असायचा. उरलेल्यांचे कप सायीसकट तसेच.

क्लबात नियम लिहिलेले नव्हते पण कडक होते. मागं बसणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, भुवईसुद्धा नाही. पान आपटायचं नाही. हरणाऱ्याला अक्कल शिकवायची नाही. आणि जिंकला म्हणून दोन डावांत उठून जायचं नाही, त्याला फार हलका माणूस समजत. हा शेवटचा नियम किती जणांना खड्ड्यात घालून गेला हे मला नंतर कळलं.

आणि प्रत्येक डावाला नाल. टेबलवाल्याचा कट. कोण जिंकलं, कोण हरलं, नाल गेलीच. वर्षअखेर एकच माणूस नफ्यात असायचा, तो कधी पानांना हात लावत नसे.

कृष्णाकाठ

अण्णा, दुरुस्ती मान्य, रमी यादीतून काढली. मामीची रमी हे अगदी खरं आहे, आमच्याकडे आत्या होती.

इस्पिक_राणी

@कृष्णाकाठ, हिशोब चांगला केलायस पण स्वतःवर जरा जास्तच कडक झालायस. तीन गोष्टी.

तू फक्त समोर दिसणारा पॉट मोजलास. बदाम आल्यावर त्याचे उरलेले ६० पण मिळण्यासारखे होते. ते धरून बघ. नऊच पानं धरली तर ८० चा कॉल वसूल व्हायला रिव्हरला त्याच्याकडून आणखी साधारण १२९ मिळायला हवेत. त्याच्याकडे ६० च होते. म्हणजे अजून तोटाच.

पण एक्का? तुझ्या बाजूनं बघता त्याच्याकडे राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही तुझेच. मग नऊ नाही, बारा. बारा भागिले ४६, म्हणजे २६ टक्के, आणि त्याचे ६० मिळाले तर कॉल किंचित फायद्यात जातो. त्याच्याकडे काय निघालं?

कृष्णाकाठ

राजा-सत्ती. दोन जोड्या. एक्का येऊन उपयोग नव्हता.

इस्पिक_राणी

ते तुला पानं उघडल्यावर कळलं. तेव्हा माहीत नव्हतं. एक तर तो कधी राजा-सत्ती, कधी राजा-गुलाम, कधी नुसती थाप घेऊन असणार, शिवाय बदाम पडल्यावर तो दरवेळी ६० देईलच असंही नाही. सगळं मिळून हा डाव काठावरचा आहे. वहीत "काठावर" लिही. जिंकल्यावर स्वतःला शहाणा समजणं आणि समोरची पानं बघून स्वतःला मूर्ख ठरवणं, दोन्ही एकाच घरातली भावंडं.

खरी चूक फ्लॉपच्या आधीची वाटते. एक्का-पंजी एका रंगाची म्हणून घेतलीस, ठीक. पण तू त्याच्यानंतर बोलणार होतास की आधी?

कृष्णाकाठ

नंतर. बटण, म्हणजे शेवटी बोलायची जागा, माझ्याकडे होतं.

इस्पिक_राणी

मग माफ. पोकरमध्ये जागा ही पानांइतकीच मोलाची. समोरचा आधी बोलतो, तू ऐकून ठरवतोस. नवखे लोक पानं बघून खेळतात, आपण कुठं बसलोय ते बघतच नाहीत. तीच एक्का-पंजी पहिल्या बोलणाऱ्याच्या जागेवर आली तर मी बिनदिक्कत टाकते.

झटपट हिशोब हवा असेल तर: उपयोगाची पानं गुणिले चार, दोन पानं यायची असतील तेव्हा. गुणिले दोन, एकच यायचं असेल तेव्हा. नऊला ३६ आणि १८ येतात, खरे आकडे ३५ आणि साडेएकोणीस. गच्चीवर पुरतं.

सातारी_कंदी

चिंचोके, भडंग, वही वगैरे छान, पण शेवटी हा जुगार आहे. आज चिंचोके, उद्या नोटा. पोरंटोरं वाचतात इथं. ऋग्वेदातसुद्धा जुगाऱ्याचं सूक्त आहे, फासे खेळू नकोस, शेती कर असं स्पष्ट सांगितलंय.

बेदाणा_तासगाव

कंदीभाऊ, शेती कर म्हणताय? माझी तीन एकर द्राक्षं आहेत. ऑक्टोबरात फळछाटणी घेतली की पानं वाटली गेली समजा. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग आणि गळकूज. औषधं, मजुरी, डिपिंग, सगळी बोली आधी लावायची आणि पान शेवटी फुटणार. यापेक्षा मोठा जुगार मला कुठल्या टेबलावर दाखवा.

पण धाग्याच्या विषयाला धरून सांगतो. माझ्या वडिलांना पोकर हा शब्दही माहीत नव्हता, तरी ते कधी सगळ्या प्लॉटची छाटणी एकदम घेत नसत. एक आगाप, एक मध्यम, एक उशिरा. एका पावसात सगळं जाऊ नये म्हणून. आगाप साधली तर दर चांगला, नाही साधली तर मागचे दोन आहेत. आणि मार्केटला दर पडला तर माल शेडवर टाकायचा, बेदाणा करायचा. आता माझा पुण्यातला पोरगा म्हणतो, पप्पा याला बँकरोल मॅनेजमेंट म्हणतात, आपल्या गंगाजळीचा लहानसा हिस्साच एका वेळी टेबलावर न्यायचा. म्हटलं, बाबा, याला आम्ही "अंथरूण" म्हणतो.

शेजारच्यानं एका वर्षी चांगला पैसा झाला म्हणून पुढच्या वर्षी कर्ज काढून सगळं क्षेत्र आगाप छाटलं. पुढचं लिहीत नाही.

शून्य_शिल्लक

थोडं अवांतर, पण गणिताचा विषय निघालाय तर. तीन पानीचे लोक पोकरला बसले की हमखास भांडण होतं ते रंग मोठा की सिक्वेन्स यावर. तीन पानीत सिक्वेन्स रंगाच्या वर. पोकरमध्ये फ्लश (म्हणजे रंग) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. दोन्ही बरोबर आहेत, मोजून बघा.

५२ पानांतून तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यात नुसता रंग १,०९६ आणि नुसता सिक्वेन्स ७२०. जे दुर्मीळ ते मोठं, म्हणून सिक्वेन्स वर. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यात फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. पाच पानं एका रंगाची जुळणं जास्त अवघड, म्हणून क्रम उलटला.

आता गंमत. तीन पानीत सगळ्यात वर ट्रेल, तीन एक्के, तीन राजे वगैरे. असे हात ५२. त्याच्याखाली प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा, ते फक्त ४८. म्हणजे हिशोबानं प्युअर सिक्वेन्सच वर पाहिजे. पण तीन एक्के हातात धरलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नका.

आणि १६,४४० हात, म्हणजे जवळपास ७४ टक्के, असे की ज्यात जोडीसुद्धा नाही. चारातल्या तीन वेळा समोरच्याकडे काहीही नसतं. गणपतीच्या जागरणाला जो डोळे वटारून ब्लाइंड (पानं न बघता) चाल खेळतो, तो या ७४ टक्क्यांवर जगतो.

इस्लामपूरचा_गडी

हे आधी सांगितलं असतंस तर मागच्या गणपतीत माझं घड्याळ वाचलं असतं भावा.

आटपाडीचा_हेड्या

आमच्या घरी दोन पिढ्या जनावरांचा व्यापार. खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा कसा होतो बघितलंय का कुणी? दोघांनी हात रुमालाखाली घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी, कुणाला काही कळत नाही. पोकरच्या बरोबर उलटं, तिथं पैसे उघडे आणि पानं झाकलेली, इथं बैल उघडा आणि पैसे झाकलेले.

आजोबा सांगायचे, हाताकडं बघू नकोस, पायाकडं बघ. गिऱ्हाईक तोंडानं "नको, महाग आहे" म्हणत असतं आणि पाय बैलाकडं वळलेले असतात. ज्याला खरंच नको असतं तो निघून गेलेला असतो, वाद घालत थांबत नाही. गच्चीवर मांडी घालून बसता म्हणजे पाय दिसत नसतील, पण हात दिसतात. चिंचोके मोजायला कुणाचा हात आधी जातो ते बघा.

थापेबद्दल पण एक. आजोबांची थाप सकाळी सुरू व्हायची. बैल विकायचा नाहीच असं सकाळपासून सगळ्यांना सांगत फिरायचे, दावं सोडायचे, परत जायची तयारी. दुपारी गिऱ्हाईक यायचं तेव्हा त्याला गोष्ट आधीच पटलेली असायची. जो ऐन सौद्यात पहिल्यांदा थाप मारतो तो पकडला जातो.

इस्पिक_राणी

हेड्याभाऊ, हे फार भारी. ब्लफबद्दल अगदी हेच. फ्लॉपला गप्प, टर्नला गप्प आणि रिव्हरला अचानक सगळे चिंचोके पुढं, यावर कोण विश्वास ठेवणार? आणि थाप दरवेळी चालायची गरजही नसते. पॉटएवढी बोली लावली तर दोनातून एकदा समोरचा पळाला तरी बरोबरी. पॉटच्या निम्मी लावली तर तीनातून एकदा पुरे.

पण @कृष्णाकाठ, जो कधीच पानं टाकत नाही त्याला थाप मारायची नाही. तुझ्या पहिल्या वर्षातल्या गच्चीवर जगातला सर्वोत्तम खेळाडू बसवला असता तरी त्यानं ब्लफ करून दूधच वाटलं असतं.

वकील_नाही_पण

सातारी_कंदी यांच्या आक्षेपाला कायद्याची बाजू. महाराष्ट्रात जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा म्हटलं. पोकरचं घोडं मध्येच अडकलेलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं पोकरला जुगारातून वगळलंय, तर गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये पोकरला जुगारच म्हटलं. एकच खेळ, राज्य बदललं की जात बदलते.

महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदाही होता. कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्द केला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

चिंचोक्यांवर अजून कलम आलेलं नाही.

मिरजेची_तार

खऱ्या कार्डरूमबद्दल विचारलंय. आम्ही चौघे चोर्ला घाटानं पणजीला गेलो होतो, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर. खाली यंत्रांचा खणखणाट, वर पोकरचं टेबल, तिथं मात्र देवळासारखी शांतता. चिप्सचा एक सलग टिकटिक आवाज, बोटांत खेळवत बसतात सगळे. आमच्या वर्कशॉपमध्ये सतारीच्या खुंट्या घासताना असाच आवाज येतो, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. तेवढंच घरच्यासारखं.

पहिल्या दहा मिनिटांत दोनदा ओरडा खाल्ला. मी चिप्स थोड्या पुढं सारल्या, विचार केला, आणखी सारल्या. डीलर म्हणाला, चालणार नाही, एका झटक्यात जेवढं पुढं गेलं तेवढंच. नाहीतर माणूस थोडं सारून समोरच्याचं तोंड बघतो आणि मग वाढवतो. दुसऱ्यांदा, माझी पाळी यायच्या आधीच मी पानं फेकली. तर शेजारचे काका म्हणाले, बेटा, तू पळणार हे आधी सांगून तू माझा डाव फुकट घालवलास. तोंडातून "कॉल" निघाला की कॉल, मागं घेता येत नाही. पानं टेबलाच्या कडेखाली न्यायची नाहीत. आणि सगळ्यात वाईट पाप म्हणजे आपण जिंकलोय हे पक्कं माहीत असताना समोरच्याला झुलवत ठेवून पानं सावकाश उघडणं. याला शिवी नाही पण टेबलावर कुणी परत बोलत नाही.

अण्णांची नाल तिथंही आहे, नाव रेक. डीलर प्रत्येक पॉटमधून शांतपणे दोन-चार चिप्स एका फटीत टाकतो. त्या फटीकडं कुणीच बघत नाही. मी रात्रभर तिकडंच बघत होतो.

धागा_प्रेमी

धाग्याचा काश्मीर होईल असं वाटलं होतं, पण चांगला चाललाय. पोकरच्या २००३ च्या वर्ल्ड सिरीजचा विजेता व्यवसायानं अकाउंटंट होता, आडनाव चक्क मनीमेकर. ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तिथून जगभर लाट आली. आपल्या निकिता लूथरनंही २०१८ मध्ये त्याच मालिकेत सांघिक स्पर्धेचं ब्रेसलेट (तिथलं विजेतेपदाचं बक्षीस) जिंकलं.

उरलेली_बॅटरी

वर मनीमेकरचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं.

मी पोकर ॲपवर २ वर्षं खेळलो. कुठल्या ते विचारू नका. धागाकर्त्याला येत नव्हतं ते मला पहिल्या महिन्यात आलं. दहातले आठ हात मी फ्लॉपच्या आधीच टाकायचो. चार्ट पाठ होता. शक्यता पाठ होत्या. एका वेळी तीन टेबलं उघडायचो.

खेळायचो कुठं, तर बायको-मुलं झोपल्यावर पांघरुणाच्या आत, ब्राइटनेस एकदम कमी करून. गच्चीवर तीस डाव व्हायला रात्र जाते ना? ॲपवर तीन टेबलांत तेवढे डाव चहा गार व्हायच्या आत होतात. एखादा वाईट मार बसला, म्हणजे एक्क्याची जोडी राजाच्या जोडीकडून हरली, जी पाचातून एकदा हरतेच, की पुढचं टेबल मोठ्या रकमेचं उघडायचं. वसूल करायला. याला टिल्ट म्हणतात हे पण मला माहीत होतं. पिनबॉलचं यंत्र हलवलं की ते बंद पडतं, त्यावरून आलेला शब्द. शब्दाचा उगम माहीत असून माणूस पहाटे ४ ला यूपीआयचा पिन टाकत असतो.

बँकेचं स्टेटमेंट काढून एका रविवारी बेरीज केली. १,८०,००० आणि वर काही शे. पानं टाकायला मला उत्तम यायचं. फोन टाकायला यायचं नाही.

ऑगस्टमध्ये ॲपनं पैशांचे खेळ बंद केले. उरलेले ३४० रुपये परत आले. मला आनंद व्हायला हवा होता. पहिले आठ दिवस हाताचा अंगठा नुसता वळवळत होता.

अण्णा_पेन्शनर

बॅटरी, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या क्लबाला निदान शटर होतं. रात्री १ वाजता टेबलवाला पंखा बंद करायचा, घामानं माणसं आपोआप उठायची.

घरी सांगितलंय का?

उरलेली_बॅटरी

बायकोला हो. वडिलांना नाही.

इस्पिक_राणी

झोपेचा किंवा वळवळीचा त्रास अजून असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या घरात एकाला उपयोग झालाय, म्हणून सांगतेय.

उरलेली_बॅटरी

नंबर घेतला. धन्यवाद.

सातारी_कंदी

मी आधी जरा तोडून बोललो. बॅटरी यांचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा सिद्ध झाला असं म्हणणार होतो, पण आता म्हणवत नाही.

इस्लामपूरचा_गडी

कंदीशेठ, या एकदा शनिवारी. दूध वाटायला माणूस कमी पडायलाय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. बॅटरी यांचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. आमच्याकडे उठायची वेळ ठरलेली नव्हती, लोक जांभया देत दोन वाजवायचे. आता साडेअकराचा गजर लावतो, आणि गजर झाला की चालू डाव शेवटचा, कुणी हरत असो वा जिंकत.

कालचं सांगतो. अण्णांना व्यक्तिगत निरोप करून बोलावलं होतं, ते खरंच आले. खेळायला नाही म्हणाले, माझ्या मागं खुर्ची टाकून भडंग खात बसले.

साडेअकराला, म्हणजे गजर झाला तेव्हा चालू असलेल्या शेवटच्या डावात, मला राणीची जोडी आली. मी वाढवलं, किराणावाल्यानं कॉल केलं. फ्लॉप: किलवर सत्ती, किलवर अठ्ठी, किलवर नव्वी. माझ्याकडे एकही किलवर नाही. मी लावले ३०, त्यानं न मोजता सगळेच्या सगळे पुढं सारले. मी त्याच्या हाताकडं बघितलं, हेड्याभाऊंनी सांगितलंय म्हणून. हात भडंगात होता. पायांवर सतरंजी.

दोन मिनिटं बसलो. राणीची जोडी रोज येत नाही. अण्णांचा चावण्याचा आवाज थांबला होता एवढं कळत होतं. शेवटी टाकली.

किराणावाल्यानं स्वतःची दोन्ही पानं उपडीच कॅटमध्ये सरकवली आणि पिसायला लागला. काय होतं रे, विचारलं तर म्हणतो, बघायचं होतं तर चिंचोके लावायचे.

सगळे पांगल्यावर जिना उतरताना अण्णांना विचारलं, बरोबर टाकली का हो? अण्णा म्हणाले, "माझी चप्पल कुठं काढली होती मी?"